परिचारिकांचा अनुभव आणि प्रादेशिक वेतनभेद : पालम तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आरोग्यसेवेचा विचार करताना डॉक्टरांची संख्या, औषधांचा पुरवठा आणि इमारती यांची चर्चा जितकी होते तितकी परिचारिकेच्या वेतनाची होत नाही. वस्तुतः ग्रामीण रुग्णालयात रात्रीच्या पाळीत रुग्णाजवळ प्रत्यक्ष हजर असते ती परिचारिकाच. तिच्या हाताला दहा-पंधरा वर्षांचा सराव असेल, तर अडलेली प्रसूती किंवा सर्पदंशाचा रुग्ण वेळीच ओळखला जातो आणि पुढे पाठविला जातो. या सरावाचे मोल राज्याच्या सर्व भागांत सारखे केले जाते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी परभणी जिल्ह्यातील पालम हा तालुका आधारभूत धरला आहे. मोठी शहरे येथून दूर आहेत आणि चाटोरी, बनवस, रावराजूर, पेठशिवणी या परिसरातील सामान्य रुग्णाची भिस्त प्रामुख्याने शासकीय आरोग्यसंस्थांवर आहे.

समान मूळ वेतन, असमान हाती येणारी रक्कम

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये अशी आहे. ती १ जानेवारी २०१६ पासून लागू धरण्यात आली आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी २०१९ मध्ये झाली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता या बाबतीत मुंबई, नांदेड आणि पालम असा भेद नाही. दरवर्षी सुमारे तीन टक्के वेतनवाढ मिळते, तसेच दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळू शकतो. एवढ्यावरून व्यवस्था न्याय्य आहे असे वाटणे स्वाभाविक आहे.

भेद सुरू होतो तो घरभाडे भत्त्यापासून. शहरांच्या वर्गीकरणात मुंबई व पुणे ‘एक्स’ वर्गात, नांदेड-वाघाळा ‘वाय’ वर्गात आणि परभणी शहरासह पालम ‘झेड’ वर्गात येते. २०१९ मध्ये या तीन वर्गांसाठी मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के दर ठरले. महागाई भत्ता वाढेल तसे हे दर वाढण्याची तरतूद आहे, परंतु त्यांतील ३ : २ : १ हे प्रमाण कायम राहते. शहरात घरभाडे अधिक असते, म्हणून भत्ताही अधिक असावा, हे तत्त्व कोणालाही मान्य व्हावे. प्रश्न तत्त्वाचा नसून त्याच्या रचनेचा आहे.

हा भत्ता ठरावीक रकमेत नसून मूळ वेतनाच्या टक्केवारीत आहे. त्यामुळे सेवा जसजशी वाढते तसतशी दोन गावांमधील तफावतही वाढत जाते. ३५,४०० रुपये मूळ वेतन असलेल्या नवोदित अधिपरिचारिकेला २०१९ च्या दरांनुसार मुंबईत ८,४९६, नांदेडला ५,६६४ आणि पालमला २,८३२ रुपये मिळतात. बारा वेतनवाढी घेऊन मूळ वेतन ५०,५०० झालेल्या परिचारिकेसाठी हेच आकडे १२,१२०, ८,०८० आणि ४,०४० असे होतात. म्हणजे पालम व मुंबई यांतील अंतर सेवेच्या आरंभी ५,६६४ रुपये असते, ते बारा वर्षांनी ८,०८० रुपये होते. नवोदितेपेक्षा अनुभवी परिचारिकेला पालममध्ये राहणे अधिक महाग पडते. नियम करणाऱ्यांचा हा हेतू नसेल, पण परिणाम तोच आहे.

यात आणखी एक व्यावहारिक बाब मिसळते. अनेक कर्मचाऱ्यांची मुले शिक्षणासाठी परभणी, नांदेड किंवा लातूर येथे असतात. कुटुंब तेथे आणि नोकरी येथे अशी दोन बिऱ्हाडे सांभाळावी लागतात, भत्ता मात्र नोकरीच्या गावाच्या दराने मिळतो. मुख्यालयी राहण्याची अट योग्यच आहे. रात्री बाळंतीण आली तर परिचारिका गावातच हवी. परंतु त्या अटीसोबत राहण्याजोगे निवासस्थानही हवे, ही बाब वेतनाच्या चर्चेत सहसा येत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही शासनाच्याच धोरणात आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयान्वये एकस्तर वरची वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता देय झाला. गैरसोयीच्या जागी काम करण्याचे मोल द्यावे, हे तत्त्व शासनाने तेव्हाच स्वीकारले. पालमसारखा तालुका मात्र शहरही नाही आणि आदिवासी क्षेत्रही नाही. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत झाली. तिच्यात सिंचन, रस्ते, रुग्णालये यांचा हिशेब झाला, पण अनुभवी मनुष्यबळ टिकविण्याचा प्रश्न त्यामानाने मागेच राहिला.

केंद्र आणि राज्य

प्रदेशापेक्षाही मोठा भेद मालक कोण, यावरून पडतो. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत परिचर्या अधिकारी या पदाची सुरुवात ४४,९०० रुपये मूळ वेतनाने होते. त्याशिवाय १ जुलै २०१७ पासून परिचर्या भत्ता दरमहा ७,२०० आणि गणवेश भत्ता १,८०० रुपये असा ठरविण्यात आला. नागपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हीच केंद्रीय श्रेणी आहे. राज्याच्या वेतन कोष्टकात ३५,४०० पासून ४४,९०० पर्यंत पोहोचण्यासाठी आठ वेतनवाढी लागतात. याचा सरळ अर्थ असा की पालमच्या ग्रामीण रुग्णालयात आठ वर्षे सेवा केलेली अधिपरिचारिका आणि नागपूरच्या केंद्रीय संस्थेत कालच रुजू झालेली परिचारिका यांचे मूळ वेतन सारखे असते. शिक्षण तेच, नोंदणीही परिचर्या परिषदेचीच, आणि आठ वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य.

राज्याची आर्थिक क्षमता केंद्राइतकी नाही, हा यावरील नेहमीचा प्रतिवाद आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र इतर अनेक संवर्गांना केंद्राच्या धर्तीवर श्रेणी देताना परिचारिकांच्या बाबतीतच हे अंतर का राहावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या व्यवसायाकडे ‘सेवा’ म्हणून पाहण्याची आणि सेवेचा मोबदला मागणे अप्रशस्त मानण्याची जुनी वृत्ती यामागे असावी, असे मानण्यास जागा आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी वेतनत्रुटी आणि कंत्राटी भरती या प्रश्नांवर संप केला, त्याची पार्श्वभूमी हीच आहे.

कंत्राटी सेवा : अनुभव असूनही नवोदित

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. पुढे २०१३ पासून ते राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणून ओळखले जाऊ लागले. ग्रामीण संस्थांतील रिक्त जागांचा भार या अभियानातील कंत्राटी परिचारिकांनी उचलला. त्यांच्या भरतीच्या जाहिरातींत अधिपरिचारिकेचे मानधन दरमहा २०,००० रुपये असे नमूद होत आले आहे. नियमित कर्मचाऱ्याच्या केवळ मूळ वेतनाशी तुलना केली तरी ही रक्कम सुमारे ५६ टक्के भरते, महागाई भत्ता धरल्यास अंतर पुष्कळच वाढते. एकाच कक्षात, एकाच पाळीत, एकाच रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोघींमधील हा फरक आहे. तो मुंबई व पालम यांतील फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून प्रादेशिक विषमतेची चर्चा याला वगळून करणे व्यर्थ होय.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग या प्रकरणात ‘समान कामास समान वेतन’ हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते असा निर्णय दिला. व्यवहारात मात्र प्रत्येक पद समान आहे की नाही हे वेगळे सिद्ध करावे लागते, आणि तालुक्याच्या गावी दरवर्षी करार नूतनीकरणाची वाट पाहणाऱ्या परिचारिकेला न्यायालयाची पायरी चढणे सोपे नसते.

खाजगी रुग्णालये

खाजगी क्षेत्रातील परिचारिकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाला समिती नेमण्याचा निर्देश दिला. या समितीने त्याच वर्षी केलेल्या शिफारशी खाटांच्या संख्येवर आधारित आहेत. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन, शंभराहून अधिक खाटा असल्यास त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांसाठी फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांसाठी किमान २०,००० रुपये, असा तो क्रम आहे.

वरवर पाहता या शिफारशींत प्रदेशाचा उल्लेख नाही. परंतु मोठी रुग्णालये शहरांत असतात आणि तालुक्याच्या गावांतील खाजगी दवाखाने बहुधा पन्नास खाटांच्या आतलेच असतात. त्यामुळे खाटांचा निकष प्रत्यक्षात प्रदेशाचाच निकष ठरतो. शिवाय शेवटच्या गटासाठीची रक्कम सरसकट आहे. तेथे काल उत्तीर्ण झालेली मुलगी आणि वीस वर्षे शस्त्रक्रियागृह सांभाळलेली परिचारिका या दोघींना एकच तळरेषा लागू होते. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने शिफारशींना कायद्याचे बळ राज्यांनीच द्यावयाचे होते. केरळने एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून ते दिले, आणि त्यामागे २०११ पासूनची परिचारिकांची संघटित चळवळ होती. विखुरलेल्या छोट्या दवाखान्यांतून काम करणाऱ्या मराठवाड्यातील परिचारिकांची तशी संघटना उभी राहणे कठीण आहे.

तुलनेसाठी ब्रिटनचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००४ पासून अनुभवाधारित समान वेतनपट्टे आहेत. अंतर्गत लंडनमध्ये मूळ वेतनावर वीस टक्के जादा भत्ता मिळतो, पण त्याला किमान व कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे महागड्या शहराचा भत्ता तेथेही आहे, मात्र वेतनासोबत तो अमर्याद वाढत नाही. आपल्याकडे घरभाडे भत्त्याच्या किमान रकमा ठरलेल्या आहेत, तशी कमाल मर्यादा घालण्याचाही विचार होऊ शकतो. त्यातून वाचणारी रक्कम ‘झेड’ वर्गातील ग्रामीण संस्थांत पाच किंवा दहा वर्षे सलग राहणाऱ्या परिचारिकेला सेवासातत्य भत्ता म्हणून देता येईल. दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकविण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही आर्थिक प्रोत्साहनासोबत निवास व पदोन्नतीच्या संधींवर भर आहे.

राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये अभियानातील दहा वर्षे सेवा पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे नियमित पदांवर समायोजन करण्याचा निर्णय घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांना पुन्हा काम बंद आंदोलन करावे लागले. समायोजनात मूळ वेतन कोणत्या टप्प्यावर निश्चित होते, हा यातील कळीचा मुद्दा आहे. दहा वर्षांची परिचारिका ३५,४०० या पहिल्याच टप्प्यावर आली, तर तिची नोकरी नियमित होईल, पण कोष्टकात तिच्या दहा वर्षांची नोंद कोठेच होणार नाही.