गुढी कोणत्या दारी?

चैत्र शुद्ध प्रतिपदेची पहाट उजाडली की घराघरांत कडुलिंबाचा पाला, आंब्याची डहाळी आणि साखरेच्या गाठी ह्यांची लगबग सुरू होते. वेळूच्या काठीला रेशमी वस्त्र बांधले जाते, त्यावर तांब्याचा गडू उपडा घातला जातो, आणि सूर्योदयानंतर गुढी उभी राहते. ह्या पूजेचे साहित्य इतके साधे आहे की ते गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच जुळवता यावे. परंतु परंपरेने एक गोष्ट न सांगताच गृहीत धरलेली आहे. गुढी दारी उभारायची असते. आणि त्यासाठी आधी दार असावे लागते.

प्रभू रामचंद्र वनवास संपवून अयोध्येस परतले तेव्हा नगरजनांनी गुढ्या-तोरणे उभारली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या अर्थाने हा घरी परतण्याचा सण होय. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त, म्हणून नव्या घराची नोंदणी अथवा वास्तुशांत ह्या दिवशी करण्याची चाल पडली. पाडव्याच्या वृत्तपत्रात वर्षफलाच्या शेजारी गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती झळकतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत ठाण्याच्या कोलशेतचे नाव वारंवार दिसते. मध्यमवर्गीयाच्या घराची कहाणी समजून घ्यायची तर ह्या एका गावाकडे पाहणे पुरेसे आहे.

भाड्याच्या खोलीतून ‘ब्लॉक’मध्ये

कोलशेतकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. मुंबईतला मध्यमवर्ग पूर्वी भाड्यानेच राहत असे. गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारून नवा मार्ग दाखविला. परंतु बहुसंख्यांच्या नशिबी चाळीतली खोलीच होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले हे खरे, पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्यात कोणालाच रस उरला नाही. पागडी वाढत गेली आणि भाड्याची जागा दुर्मीळ झाली. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा सदनिका-मालकीविषयीचा कायदा आला, आणि ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द घरोघर रुळला.

१९७७ साली स्थापन झालेल्या एचडीएफसी ह्या संस्थेने पुढच्याच वर्षी आपले पहिले गृहकर्ज दिले. ते मालाडच्या एका घरासाठी होते. घराची किंमत सत्तर हजार रुपये, आणि कर्ज पस्तीस हजार. म्हणजे निम्मी रक्कम त्या गृहस्थांनी आपल्या पुंजीतून उभी केली. त्या पिढीच्या घराचे गणित बहुधा असेच असे: काही प्रॉव्हिडंट फंडातून, काही दागिने मोडून, काही मेहुण्या-भावांकडून हातउसने, आणि उरलेले कर्ज. गणित कठीण होते, पण ते सुटत असे.

ज्यांना दादर-गिरगावात ते सुटेना, ते रेल्वेच्या रुळांबरोबर पुढे सरकले. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धावली ते अंतर सुमारे चौतीस किलोमीटर. मध्यमवर्गीयाचे घर प्रथम तेवढे दूर गेले, मग अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या डोंबिवलीला, आणि त्याहीपुढे अडुसष्ट किलोमीटरवरच्या बदलापूरला. ही मंडळी जाताना आपले सणही बरोबर घेऊन गेली. १९९९ साली डोंबिवलीत श्रीगणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली; आणि ती प्रथा तेथून ठाण्यात, गिरगावात व महाराष्ट्रभर पसरली. घरासाठी दूर गेलेल्यांनी जुन्या मुंबईला एक नवा सोहळा परत पाठविला, असे म्हणायला हरकत नाही.

खाडीकाठचे गाव

ठाणे शहराच्या उत्तरेस, खाडीच्या काठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ठाणे औद्योगिक शहर म्हणून वाढले आणि कोलशेतच्या रस्त्याला सँडोझ, बायर अशा रासायनिक कारखान्यांची मोठी आवारे उभी राहिली. पाळीचे कामगार, प्रयोगशाळेतले रसायनज्ञ, हिशेबनीस, टंकलेखक अशा असंख्य कुटुंबप्रमुखांची उपजीविका ह्या कारखान्यांवर चाले. नौपाडा, चरई, कळवा, डोंबिवली येथल्या जुन्या सोसायट्यांतले कितीतरी ब्लॉक अशाच कारखान्यांच्या पगारावर उभे राहिले आहेत.

काळ पालटला. शहर कारखान्यांच्या भिंतींना येऊन भिडले. भरवस्तीत रसायनांचे उद्योग चालविणे कठीण झाले आणि जमिनीचे मोल उत्पादनापेक्षा अधिक ठरले. २०१० नंतरच्या काही वर्षांत बायरची शंभराहून अधिक एकर जमीन सुमारे साडेबाराशे कोटी रुपयांना कल्पतरू समूहाकडे गेली. सँडोझच्या रसायन विभागातून पुढे निघालेल्या क्लॅरिअंट कंपनीची सुमारे सत्त्याऐंशी एकर जमीन ११५४ कोटींना लोढा समूहाने घेतली. हा दुसरा व्यवहार एकरी सव्वातेरा कोटींचा झाला. म्हणजे नुसत्या मातीच्या चौरस फुटाला तीन हजारांहून अधिक रुपये. वर मजले चढतात तसा हा भार वाटला जातो हे खरे. तरी पायाचा दगड बसण्यापूर्वीच घराच्या किमतीचा पाया घातला जातो, तो असा.

ह्या व्यवहारांत बेकायदा काही नाही, आणि सारेच वाईट झाले असेही नाही. धुराड्यांच्या जागी झाडे आली. ह्याच परिसरात सुमारे वीस एकरांचे मोठे उद्यान २०२४ साली नागरिकांसाठी खुले झाले. प्रश्न इतकाच की, ज्या आवारातल्या पगारावर एका पिढीने घर घेतले, त्याच आवारात तशाच पगाराच्या माणसाला आज घर घेता येते काय?

हिशेबाची वही

वाचकांनी क्षणभर वही-पेन्सिल घ्यावी. कोलशेत परिसरातील नव्या संकुलात दोन शयनगृहांच्या घराची किंमत कोटीच्या घरात अथवा पलीकडे जाते. आपण कोटच धरू. एवढ्या किमतीच्या घराला बँक सामान्यतः पंचाहत्तर टक्के कर्ज देते. म्हणजे पदरचे पंचवीस लाख हवेत. मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे सात लाख. खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे पाच लाख. नोंदणीचे तीस हजार. दारावर तोरण लागण्यापूर्वीच सव्वासदतीस लाख खर्ची पडतात.

उरलेले पंचाहत्तर लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे पासष्ट हजार शंभर रुपयांचा हप्ता येतो. वीस वर्षांत भरावे लागतात एक कोटी छप्पन्न लाख. मुद्दलाहून व्याज अधिक! पगाराच्या निम्म्याहून अधिक हप्ता असू नये हा सर्वसाधारण दंडक पाळायचा तर त्या घरात दरमहा एक लाख तीस हजार रुपये यायला हवेत. पती-पत्नी दोघे मिळवते असूनही हा आकडा किती घरांना गाठता येईल, ते ज्याने त्याने ठरवावे. मालाडच्या त्या गृहस्थाने निम्मी किंमत पदरची घातली होती. आजच्या तरुणाला चौथा हिस्सा जमविताना चाळिशी उजाडते.

सरकारदरबारी काहीच तरतूद नाही असे नाही. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांत वीस टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा, असा नियम २०१३ पासून मोठ्या शहरांना लागू झाला. ती घरे म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. २०१९ साली ‘परवडणारे घर’ म्हणून एक टक्का कराची सवलत ठरली, ती पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घराला. परंतु मध्यमवर्गीय नेमका ह्या दोन काठांच्या मधल्या प्रवाहात सापडतो. त्याचे उत्पन्न सोडतीच्या अल्प गटाहून थोडे अधिक, आणि बाजारभावाहून फार कमी.

मग उरते ते भाड्याचे घर, अकरा महिन्यांच्या करारावरचे. करार संपला की भाडे वाढते अथवा घर बदलावे लागते. मुलांच्या शाळेची बस बदलते, आजी-आजोबांच्या ओळखीचे देऊळ मागे राहते; आणि गुढी दर दोन वर्षांनी नव्या दारी उभी राहते.

मुहूर्त आणि मार्ग

गिरणगावाने ह्या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा त्यांच्या जमिनींचा काही वाटा घरांसाठी व मोकळ्या जागांसाठी द्यावा, असा नियम १९९१ साली झाला. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आटला. तरीही २०१२ साली गिरणी कामगारांसाठी जवळजवळ सात हजार घरांची सोडत निघू शकली. ती पुरेशी नव्हती. पण कारखान्याच्या जमिनीवर कष्टकऱ्याचाही हक्क असतो, हे तत्त्व त्यामागे होते. कारखान्याची जमीन निवासी करताना तिचे मोल अनेक पटींनी वाढते, आणि ती वाढ समाजाच्या परवानगीने होते. त्या वाढीतून मध्यम पगाराच्या कुटुंबांसाठी बेताच्या आकाराची, दीर्घ मुदतीच्या हमीने भाड्याने मिळणारी घरे मागणे ही भीक नव्हे, तो रास्त वाटा होय.

आणि ज्यांचा योग ह्या पाडव्याला जुळून आला आहे त्यांनी मुहूर्ताइतकीच कागदपत्रांचीही शुद्धता पाहावी. महारेराचा नोंदणी क्रमांक, ताबा देण्याची तारीख आणि प्रत्यक्ष चटईक्षेत्र ह्या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. सवलत मुहूर्तापुरती असते, हप्ता वीस वर्षांचा असतो.

घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज म्हणत, ते त्यातील कष्ट जाणून. कष्टांना मध्यमवर्गीय कधीच भ्याला नाही. त्याचे मागणे एवढेच, की प्रामाणिक कष्टांच्या शेवटी दार दिसावे. आज उंच मनोऱ्यांच्या गॅलऱ्यांतून, चाळींच्या कठड्यांवरून आणि भाड्याच्या खिडक्यांच्या गजांतून लाखो गुढ्या उभ्या राहतील. वनवास संपल्याची ती खूण प्रत्येक कुटुंबाला आपल्या हक्काच्या दारी एकदा तरी उभारता यावी, हीच नववर्षाची प्रार्थना!