साज घोड्याला शोभेल असा

इंग्लंडमधल्या शो रिंगणात उतरलेल्या घोड्याच्या साजावर रंग शोधावा लागतो. खोगीर गडद तपकिरी, लगाम त्याच छटेचा. खोगिराखालची गादीसुद्धा तपकिरी आणि बेताच्या आकाराची, कडेने फारशी न डोकावणारी. परीक्षकाला पाहायचे असतात खांदे, पाठ, पाय आणि चाल. त्याची नजर वाटेत अडखळू नये यासाठी हा साधेपणा.

रंगाची हौस भागते ती कपाळपट्टीवर, आणि तीही सगळ्यांची नाही. शिकारीच्या परंपरेतले दणकट हंटर आणि आखूड पायांचे, भरदार अंगाचे कॉब साध्या चामडी पट्टीतच उभे राहतात. नाजूक बांध्याचे हॅक आणि शो पोनी मात्र मखमलीने किंवा रिबिनीने मढवलेली पट्टी मिरवतात. बोटभर रुंदीच्या त्या पट्टीसाठी मालक किती रंग लावून पाहतात! कुमैत घोड्याच्या लालसर तपकिरी अंगावर पिवळा किंवा गडद निळा उठतो. तांबूस घोड्यावर लाल पट्टी विरून जाते, निळी किंवा हिरवी खुलते. काळ्यावर फिकट रंग लांबूनही दिसतात. अनेकदा स्वाराचा टायही त्याच रंगाचा असतो.

करड्या घोड्याचे गणित वेगळे. तो जन्मतो गडद रंगाचा आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. ऐन तारुण्यात शोभलेली फिकट पट्टी पुढे पांढऱ्या अंगावर निस्तेज वाटू शकते. मग गर्द निळी किंवा मरून आणावी लागते. एकदा घेतलेला साज जन्मभर पुरेल, ही अपेक्षाच इथे चुकीची आहे.

रंगाइतकीच रुंदीही महत्त्वाची. लांबट तोंड रुंद नाकपट्टीने थोडे आखूड भासते, तर रेखीव तोंडावर तीच पट्टी बोजड दिसते. अरबी घोड्यांच्या प्रदर्शनात म्हणूनच अगदी बारीक पट्ट्यांची मोरखी घालतात.

सगळीकडे हा संयम नाही. अमेरिकेच्या वेस्टर्न स्पर्धांत खोगिरावर चांदी चमकते आणि त्याखालच्या घोंगडीचा रंग स्वाराच्या शर्टाशी जुळवतात. ड्रेसाज या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत मात्र काळे चामडे आणि पांढरी गादी ही जुनी रीत.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांची मोठी जत्रा भरते. साजाची दुकानेही लागतात. गुलाबी कातडीच्या पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यावर लाल आणि मरून रंग सुरेख दिसतात. अबलख घोड्याच्या अंगावर मुळातच दोन रंगांचे ठिगळ असते, त्याला एकरंगी साज पुरे. मारवाडी घोड्याचे खरे वैभव म्हणजे आत वळलेले, टोकांना टोके भिडणारे कान. भरगच्च गोंड्यांनी तेच झाकले तर सजावटीने घोड्याचे नुकसानच केले म्हणायचे.

तेव्हा साज घेण्याआधी आपल्या स्पर्धेची नियमावली वाचा. मग घोडा उन्हात उभा करा, पट्ट्या आळीपाळीने बांधा आणि परीक्षक जिथून पाहतो तितक्या अंतरावर जाऊन बघा. आधी पट्टी दिसली, तर ती उतरवा.