पाच सेंटांत दोन पेले

१९२४ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी हॉकिंग ग्लास कंपनीचा कारखाना आगीत बेचिराख झाला. काजळीमुळे लोक त्याला ‘ब्लॅक कॅट’ म्हणत. आग कंपनीच्या पथ्यावर पडली म्हणायला हरकत नाही, कारण नवा कारखाना उभारला तो खास काचेच्या भांड्यांसाठी. हाताने मिनिटाला एक नग निघे. यंत्रावर तीस निघू लागले. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, तेव्हा कंपनीने पंधरा साच्यांचं यंत्र आणलं. मिनिटाला नव्वद नग! पाच सेंटांत दोन पेले विकणं त्यामुळेच परवडलं.

मंदीतल्या या रंगीत भांड्यांना पुढे ‘डिप्रेशन ग्लास’ हे नाव पडलं.

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया या शेजारी राज्यांत हा धंदा एकवटला, कारण भट्टीला लागणारा नैसर्गिक वायू आणि कोळसा तिथे हाताशी होता. तिथलं जेनेट हे गावच १८८८ मध्ये काचेसाठी वसलं. त्याला नाव मिळालं कारखानदार मॅकी यांच्या पत्नीचं. शार्लरॉयच्या मॅकबेथ-इव्हान्स कंपनीने ‘अमेरिकन स्वीटहार्ट’ ही नक्षी काढली.

माल मात्र हलकाच. काचेत बुडबुडे राहत, साच्याची शिवण दिसे. म्हणून पृष्ठभाग फुलापानांनी भरून टाकायचा. नक्षी साच्यातच कोरलेली असल्याने तिचा वेगळा खर्च नाही आणि दोषही झाकले जात. गुलाबी, हिरवा, मधाळ पिवळा हे रंग आवडते होते. काही हिरव्या काचेत युरेनियम असे. ती अतिनील प्रकाशात आजही झळकते.

ही भांडी नेहमी विकत घ्यावी लागत असंही नाही. क्वेकर ओट्सच्या डब्यात एखादा नग निघे. चित्रपटगृहं ठरलेल्या रात्री तिकिटासोबत बशी देत. संच पुरा करायचा तर पुन्हा सिनेमाला जाणं आलंच. जाहिरातवाल्यांची ही चलाखी दाद देण्याजोगी आहे.

१९७० मध्ये हेझल मेरी वेदरमन यांनी या काचेवर पुस्तक काढलं आणि संग्राहकांना नक्षी ओळखण्याचं साधन मिळालं. भाव वाढले, त्यामागोमाग नकलाही आल्या. जेनेट कंपनीच्या ‘चेरी ब्लॉसम’ या नक्षीच्या तर त्याच दशकात निघाल्या. त्यामुळे कुठल्या जुन्या बाजारात हा गुलाबी माल दिसलाच, तर रंगाला भुलण्याआधी पानांच्या शिरा बघाव्यात: अस्सल नगावर त्या खऱ्या पानासारख्या वेड्यावाकड्या असतात, अनेक नकलांत पट्टीने ओढल्यासारख्या सरळ.