दोन इंधनांची गाडी आणि इंजिनाचें अडखळणें

प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तथापि पेट्रोल व सीएनजी अशा दोहों इंधनांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या अद्याप पुष्कळ आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरची चूल त्यांवरच पेटते. अशी गाडी चढावर धक्के देऊन ‘मिसिंग’ करूं लागली कीं, सारा दोष गॅस-किटवर टाकण्याची रीत पडली आहे. किट बदलतें, पैसे जातात, अडखळणें तसेंच राहतें. म्हणून हा दोष शोधावा कसा, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

चार सिलेंडरांपैकीं एकांत जरी मिश्रण वेळेवर पेटलें नाहीं, तरी चालींत खंड पडतो. पेटण्यास तीन गोष्टी लागतात: हवा व इंधन यांचें योग्य प्रमाण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या वेळीं जोरदार ठिणगी. दुहेरी इंधनाच्या गाडींत तपासणीचें साधन आयतेंच असतें. इंजिन तापल्यावर तोच चढ, तोच वेग ठेवून प्रथम पेट्रोलवर व मग गॅसवर ती चालवून पाहावी. केवळ पेट्रोलवर अडखळल्यास कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर पाहावा. महिनोनमहिने पेट्रोल न वापरल्यानें त्यांत डिंकासारखा थर धरतो. दोहोंवर अडखळल्यास प्रथम ठिणगी व दाब यांकडे वळावें.

आतां खरी मेख. केवळ गॅसवर अडखळतें, तेव्हां दोष गॅसचाच, हें अनुमान घाईचें आहे. गॅसच्या मिश्रणांत प्लगच्या फटींतून ठिणगी उडविण्यास पेट्रोलपेक्षां अधिक विद्युत्-दाब लागतो. झिजलेला प्लग, जुनी वायर, डिस्ट्रिब्यूटरची तडकलेली टोपी, थकलेली कॉइल हीं पेट्रोलवर कशीबशी निभावतात व गॅसवर उघडीं पडतात. यास्तव स्वस्त तपास आधीं करावा. एका सिलेंडरचा प्लग दुसऱ्यांत घालावा. दोष त्याच्याबरोबर सरकला, तर प्लगच अपराधी. अंधारांत बॉनेट उघडून वायरींवर निळसर ठिणग्या दिसतात काय तें पाहावें; हात मात्र दूर ठेवावा. हें सारें ठीक निघाल्यावरच गॅसचा फिल्टर व रिड्यूसर यांची पाळी.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. गॅस कोरडें इंधन आहे. जुन्या इंजिनांत त्यामुळें व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह तींत रुतत जातो आणि टॅपेटची फट बुजते. मग इंजिन थंड असतां नीट चालतें, पण तापल्यावर उभ्या जागीं थरथरतें, कारण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. येथें नवे प्लग व्यर्थ. कॉम्प्रेशन मोजवून टॅपेट लावून घ्यावे. वेळींच केल्यास थोडक्यांत भागतें, नाहीं तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावें लागतें.

अडखळणारी गाडी तशीच हांकण्यांत काटकसर मुळींच नाहीं. न जळलेला गॅस सायलेन्सरमध्यें पेटतो. मिक्सरच्या गाड्यांत तर भडका उलट हवेच्या वाटेनें येऊन एअर-फिल्टरची पेटीही फोडतो.

टाकी पूर्ण भरल्यावर तींतील गॅस सुमारें २०० बार दाबाखालीं असतो, म्हणजे टायरमधील हवेच्या जवळजवळ शंभरपट. टाकीपासून रिड्यूसरपर्यंतच्या नळीस म्हणून घरीं हात लावूं नये. तें काम परवाना असलेल्या केंद्राचें. वास आल्यास इंजिन थांबवून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि मुलांबाळांस गाडीपासून दूर न्यावें.