आंबा घाटातली फांदी

सोनघंटा हे जास्वंदीच्या कुळातले झुडूप सह्याद्रीखेरीज जगात कुठेही आपणहून उगवत नाही. अंगभर मऊ लव, हृदयाकृती पाने आणि हिवाळ्यात खाली लोंबणारी नारिंगी-पिवळी, घंटेसारखी फुले. एन. बी. रानडे यांनी ते आंबा घाटात गोळा केले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले वुड्रो आणि लंडनच्या क्यू उद्यानातले स्टाप्फ यांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन छापले आणि नावात रानड्यांना जागा दिली : अ‍ॅब्युटिलॉन रानडेई. आजही ओळखीबद्दल वाद झाला, तर निवाडा वर्णनासाठी वापरलेल्या वाळक्या फांदीवरच होतो.

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, या झुडपाचे नमुने मोजकेच आहेत. म्हणून डोंगरावरही ते तितकेच विरळ, असा निष्कर्ष सहज काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. नमुन्याच्या कागदावर वनस्पतीइतकीच संग्राहकाची वाटही उमटलेली असते. आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जातो. तिथे माणसाला पोचता येत होते. उभ्या कड्याच्या कपारीत कोण उतरणार? शिवाय पावसाळी फुलांसाठी भटकणाऱ्याच्या नजरेतून हिवाळ्यात फुलणारे झुडूप सहज सुटते. पुढे पुणे आणि सातारा जिल्ह्यांतही ते सापडलेच. नोंद नाही याचा अर्थ झाड नाही असा नव्हे. कुणी पाहिलेले नाही, इतकाच. आणि कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात शोधायचे याचा पहिला धागा नमुन्यासोबतच्या जुन्या चिठ्ठीतच मिळतो.

आता फोटो काढता येतो, मग दुर्मिळ झाडाची फांदी तोडायची कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि जिथे दोनचारच रोपे उरली आहेत तिथे तोडू नयेच. पण लवेची ठेवण, फळाच्या फाकीतल्या बिया हे फोटोत बहुधा निसटते. कागदावरची डहाळी शंभर वर्षांनीही भिंगाखाली ठेवता येते, तिच्या पानातून डीएनए काढता येतो. भरल्या झुडपाची एक डहाळी त्यासाठी खर्ची पडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : ठिकाण जाहीर झाले की रोपे उपटणारे तिथे पोचतात. त्यावर तोड म्हणून तालुक्याचे नाव खुले ठेवावे, नेमकी कपार अभ्यासकांपुरती. मात्र चिठ्ठीवर ती लिहिलेली असलीच पाहिजे. नाहीतर वणव्यात किंवा दरडीखाली तिथले झुडूप गेले, तरी ते गेल्याचे कुणालाच कळणार नाही.