दोहा-नागपूर विमान चार तासांचं, मग पोरगा घरी कधी पोहोचणार?

भंडारा : गावात कोणी वारलं आणि पोरगा आखातात कामाला असला, की अंगणात पहिला प्रश्न हाच निघतो, माती कधी? मग कोणीतरी मोबाईलवर पाहून सांगतो, दोहा ते नागपूर चार तास. त्या हिशेबाने वेळ ठरते, सोयऱ्यांना फोन जातात, आणि मग ती वेळ टळतच जाते. चार तास खोटे नाहीत. पण ते फक्त विमानाचे आहेत.

आधी अंतर पाहू. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून दोहा सरळ रेषेत सुमारे २,८०० किलोमीटर आहे. मुंबई सुमारे ६८०. म्हणजे दोहा मुंबईच्या चौपट लांब. मुंबईला दीड तास लागतो, तर दोहाला सहा तास लागायला पाहिजेत ना? पण लागतात चार-सव्वाचार. विमान एकदा वर गेलं की ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने जातं. मात्र धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं याला जवळ काय नि लांब काय, वेळ जवळपास तेवढाच. लहान बांधीत ट्रॅक्टरचा वेळ वळण्यातच जातो, तसंच हे. त्यात मुंबईला उतरायला रांग असली तर आकाशातच घिरट्या.

येताना वेळ थोडा कमी लागतो. उंचावर, हिवाळ्यात तर जास्तच, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. तो विमानाला मागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो.

खरा घोळ घड्याळाचा. कतारचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, शारजा-दुबईचं दीड तास. तिकिटावर मात्र जिथून निघालं तिथली वेळ आणि जिथे उतरलं तिथली वेळ छापतात. समजा विमान नागपूरहून पहाटे ४ ला निघालं आणि सव्वाचार तास उडालं. आपल्याकडे सव्वाआठ वाजले, पण तिकिटावर दिसणार ५.४५. घरच्यांना वाटतं पावणेदोन तासांत पोहोचला. उलट दोहाहून रात्री ८ ला निघालेला पावणेचार तासांनी उतरतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वादोन झालेले असतात. तारीखही बदललेली असते.

तारखेचं नीट ध्यानात घ्या. आपण "१२ तारखेच्या रात्री २ वाजता" म्हणतो ते १२ चा दिवस मावळल्यावरचं. तिकिटावरचं १२ तारीख, ०२.०० म्हणजे ११ तारखेला जेवण करून निघायचं. १२ ला रात्री जो जाईल, त्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

आता गावाचा हिशेब. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, पण विमानतळ वर्धा रोडला, म्हणजे शहराच्या पलीकडल्या टोकाला. लाखांदूर तालुक्यातून निघालं तर तीन तास धरावेत. परदेशी विमानाला तीन तास आधी पोहोचायला सांगतात, आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे चार तासांच्या उड्डाणासाठी घरून निघाल्यापासून दहा-अकरा तास. येतानाही तसंच, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान, मग गाडी.

दुःखाच्या वेळी यात आणखी भर पडते. मालकाकडून सुट्टी, तिकीट, आणि मुख्य म्हणजे थेट विमान. कतार एअरवेजची दोहा-नागपूर सेवा २०१५ साली सुरू झाली, पण थेट विमान काही तासा-तासाला सुटत नाही. ते हुकलं तर मुंबई किंवा हैदराबादमार्गे यावं लागतं, आणि तिथे पुढच्या विमानाची वाट पाहण्यात कधी कधी उड्डाणापेक्षा जास्त वेळ जातो.

म्हणून पोराला "किती तास लागतील" असं विचारू नका. नागपूरला कोणत्या तारखेला, आपल्या घड्याळाने किती वाजता उतरतोस, ते विचारा. त्यात तासभर विमानतळाचा आणि गावापर्यंतच्या रस्त्याचा वेळ मिळवा. जास्त थांबावं लागणार असेल तर शवपेटीची किंवा शवागाराची सोय आधी करा, सोयऱ्यांना वेळ नंतर सांगा.