सामायिक लाइन आणि पॅकेटांचे जाळे : इंटरनेट दूरध्वनीकडून 'की-सिस्टीम'चे काम करून घेण्याचा प्रश्न

प्रस्तावना :

लहान कार्यालयातील जुनी दूरध्वनी यंत्रणा काढून तिच्या जागी इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणारी, म्हणजेच 'व्हीओआयपी' यंत्रणा बसविली की पहिली तक्रार आवाजाच्या दर्जाविषयी येईल, अशी अभियंत्यांची अपेक्षा असते. अमेरिकेतील लहान दवाखाने, वकिलांची कार्यालये आणि मोटार-दुरुस्तीची दुकाने यांतून येणारा प्रश्न मात्र निराळा व वरकरणी बाळबोध असतो : 'लाइन एक' कुठे गेली? जुन्या यंत्रावर स्वागतिका रुग्णाचा फोन होल्डवर ठेवी आणि "डॉक्टर, लाइन दोनवर फोन आहे" अशी हाक देई. डॉक्टर ज्या खोलीत असतील तेथील यंत्रावर लुकलुकणारे दुसरे बटण दाबत व बोलू लागत. नव्या यंत्रणेत स्वागतिकेस प्रथम डॉक्टर कोणत्या खोलीत आहेत हे ठाऊक असावे लागते, मग त्या खोलीचा एक्स्टेन्शन क्रमांक, मग 'ट्रान्सफर'. अंदाज चुकला तर घंटा रिकाम्या खोलीत वाजते आणि रुग्ण ध्वनिमुद्रणाच्या यंत्राशी बोलतो. ही अडचण केवळ सवयीची नसून दोन तंत्रज्ञानांच्या मूळ रचनेतील भेदातून उद्भवते. तो भेद आणि त्यावरचे उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

की-सिस्टीमचे स्वरूप :

मराठी वाचकास की-सिस्टीम फारशी परिचित नसेल. आपल्याकडील महाविद्यालये, बँका व शासकीय कार्यालये यांत मुख्यतः ईपीएबीएक्स रुजले. त्यात बाहेरच्या लाइनी एका पेटीत येऊन मिळतात व प्रत्येक टेबलाला स्वतंत्र एक्स्टेन्शन असते. मात्र प्राचार्यांच्या दालनात एक आणि मुख्य लिपिकाच्या टेबलावर दुसरा, असा 'पॅरलल' फोन ज्यांनी वापरला आहे त्यांना की-सिस्टीमचे अर्धे तत्त्व ठाऊक आहे. एकाच तारेवर दोन यंत्रे; कोणीही उचलावा, कोणीही ऐकावे. की-सिस्टीमने या मांडणीत दोन गोष्टींची भर घातली. एका यंत्रावर अनेक लाइनी आणल्या, आणि प्रत्येक लाइनीची अवस्था दिव्याने सर्वांना दाखविली.

अमेरिकेतील बेल कंपनीने १९३८ च्या सुमारास '१ए' ही यंत्रणा आणली आणि १९६० च्या दशकात '१ए२' ही तिची सुधारित आवृत्ती सर्वत्र पसरली. तिच्या प्रचलित यंत्रावर सहा बटणे असत : डावीकडचे तांबडे 'होल्ड' आणि उरलेली पाच लाइनींची. लाइन वापरात असली की दिवा स्थिर जळे. घंटा वाजत असता मिनिटास सुमारे साठ वेळा उघडझाप करी. होल्डवर असता त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुके. प्रत्येक लाइनीसाठी तारांच्या तीन जोड्या लागत. एक बोलण्यासाठी, एक नियंत्रणासाठी, एक दिव्यासाठी. म्हणून प्रत्येक टेबलाखाली पंचवीस जोड्यांची जाड केबल येऊन पडे.

या रचनेतील होल्डची युक्ती विशेष लक्षणीय आहे. फोन खाली ठेवणे आणि होल्ड दाबणे या दोन्ही क्रियांत नियंत्रणाची जोडी तुटते. भेद असतो तो क्रमाचा. बोलण्याच्या जोडीतून प्रवाह चालू असतानाच नियंत्रणाची जोडी तुटली, तर भिंतीवरील पेटीतले कार्ड त्याचा अर्थ 'होल्ड' असा घेई व लाइनीवर एक रोधक जोडून ती धरून ठेवी. म्हणजे धरून ठेवण्याचे काम टेबलावरील यंत्र करीत नसे, लाइनीचे कार्ड करीत असे. ज्याने होल्ड दाबला त्याचा त्या फोनवर कोणताही विशेष अधिकार उरत नसे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

सिपमध्ये होल्ड कोणाचा? :

आजच्या कार्यालयीन इंटरनेट दूरध्वनीचा पाया 'सिप' हा संकेतन-प्रोटोकॉल होय. त्याची पहिली मानक आवृत्ती १९९९ मध्ये व सध्याची मूळ आवृत्ती, आरएफसी ३२६१, जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सिपच्या दृष्टीने 'लाइन' नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. दोन टोकांमध्ये एक संवाद स्थापन होतो आणि त्या संवादाची स्थिती त्या दोन टोकांनाच ठाऊक असते. होल्ड दाबला की यंत्र दुसऱ्या टोकाला नव्याने निमंत्रण पाठविते व 'यापुढे आवाजाचा प्रवाह एकाच दिशेने' किंवा 'कोणत्याच दिशेने नाही' असे कळविते. संवाद संपत नाही. तो त्याच यंत्राच्या मालकीचा राहतो. शेजारच्या टेबलावरील यंत्राला त्याची वार्ताही नसते. मग ते यंत्र दिवा कशाच्या आधारे लावणार, आणि तो फोन उचलणार कसा?

सिपच्या रचनाकारांचे हे अज्ञान नव्हते. बुद्धी टोकांकडे ठेवावी, मध्यभागी कमीत कमी असावी, हे इंटरनेटचे तत्त्व त्यांनी पाळले. की-सिस्टीमचे तत्त्व नेमके उलट आहे. तेथे टेबलावरील यंत्र जवळजवळ निर्बुद्ध असते आणि सर्व काही लाइनीपाशी घडते.

पार्किंगचा मार्ग :

पहिला आणि बहुतेक ठिकाणी पुरेसा ठरणारा उपाय म्हणजे होल्डऐवजी 'पार्क' वापरणे. पार्क केलेला फोन सर्व्हरवरील एका क्रमांकित जागेत ठेवला जातो. ॲस्टेरिस्क या मुक्त-स्रोत प्रणालीत ७०१ पासून पुढचे क्रमांक यासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. फोन आता कोणत्याही टेबलाचा राहत नाही, सर्व्हरचा होतो. ७०१, ७०२ व ७०३ या जागा प्रत्येक यंत्रावरील तीन बटणांना जोडून त्यांना 'पार्क १', 'पार्क २', 'पार्क ३' अशी नावे दिली की जुने दृश्य बरेचसे परत येते. बोलत असताना बटण दाबले की फोन तेथे जातो, सर्व यंत्रांवर दिवा लागतो, आणि मोकळ्या यंत्रावरून तेच बटण दाबले की फोन उचलला जातो. या जागांची स्थिती दिव्यापर्यंत पोहोचविण्याची सोय ॲस्टेरिस्कच्या १.४ या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २००६ मध्ये आली. तिला 'मीटरमेड' असे नाव आहे. रस्त्यावर उभ्या मोटारींना दंडाच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या महिला कर्मचाऱ्यास इंग्रजीत हा शब्द वापरतात. संगणकशास्त्रातील नामकरणाचा विनोद इतका समर्पक क्वचितच असतो.

येथे एक बारकावा नेहमी दुर्लक्षित राहतो. पार्क केलेला फोन ठराविक मुदतीनंतर ठेवणाऱ्याकडे परत येतो. ॲस्टेरिस्कमध्ये ही मुदत मुळात ४५ सेकंदांची आहे. १ए२ मध्ये होल्डवरचा फोन आपणहून कधीच परत येत नसे. डॉक्टर रुग्ण तपासत असताना ४५ सेकंद म्हणजे काहीच नव्हे. ही मुदत वाढविली नाही तर 'फोन आपोआप उड्या मारतो' अशी तक्रार पहिल्याच दिवशी येते व सगळी यंत्रणा बदनाम होते.

सामायिक लाइनीचा मार्ग :

काही कार्यालयांना पार्किंग पुरत नाही. बाहेर फोन लावण्यापूर्वी मोकळी लाइन निवडायची असते, चालू संभाषणात बटण दाबून सामील व्हायचे असते, साहेबांची लाइन सचिवाच्या टेबलावर दिसायला हवी असते. यासाठी लाइन ही कल्पनाच सर्व्हरवर नव्याने उभारावी लागते. वर उल्लेखिलेल्या १.४ आवृत्तीतच ॲस्टेरिस्कने 'सामायिक लाइन' ही सोय आणली आणि तिची रचना उद्बोधक आहे. प्रत्येक लाइन ही प्रत्यक्षात एक परिषद-कक्ष असते. बाहेरून आलेला फोन त्या कक्षात बसविला जातो. बटण दाबणारा कर्मचारी कक्षात प्रवेश करतो. होल्ड म्हणजे कर्मचाऱ्याने कक्ष सोडणे. दुसऱ्या कोणी बटण दाबले की तोही आत येतो. यामुळे चोरून ऐकण्याची जुनी वाटही परत उघडते. ती बंद करण्यासाठी शिरकावास मनाई करण्याचे आणि होल्डवरचा फोन ठेवणाऱ्यापुरता राखण्याचे स्वतंत्र पर्याय आहेत. वकिलाच्या कार्यालयात ते वापरावेतच.

प्रमाणित मार्ग यायला बराच काळ लागला. संवादाची स्थिती इतरांना कळविण्याची पद्धत आरएफसी ४२३५ ने २००५ मध्ये घालून दिली. एकाचा संवाद दुसऱ्याने ताब्यात घेणे व चालू संवादात सामील होणे यांची साधने २००४ मध्येच तयार झाली होती. या सर्वांची मोट बांधून सामायिक लाइनीचे मानक, आरएफसी ७४६३, प्रसिद्ध झाले ते मार्च २०१५ मध्ये. त्यात एक मध्यस्थ कल्पिला आहे. यंत्राने लाइन वापरण्यापूर्वी त्याच्याकडे ती मागावी, त्याने ती द्यावी किंवा नाकारावी, आणि निकाल सर्वांना कळवावा. टोकांना स्वायत्त मानणाऱ्या प्रोटोकॉलने अखेर भिंतीवरील पेटी पुन्हा कागदावर आणली, असे म्हणण्यास हरकत नाही. मधल्या वर्षांत निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या पद्धती रूढ केल्या होत्या. त्यामुळे एका उत्पादकाचे यंत्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर सामायिक लाइन दाखवीलच याची खात्री खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चाचणीनेच करावी लागते.

दिव्याचा खरेपणा :

जुना दिवा विद्युत्-मंडलाचाच भाग होता. नवा दिवा हा एक निरोप असतो, आणि निरोप उशिरा पोहोचू शकतो, हरवूही शकतो. दहा यंत्रे एकाच लाइनीवर लक्ष ठेवून असतील, तर घंटा, उत्तर, होल्ड, पुन्हा संभाषण व समाप्ती या पाच बदलांसाठी पन्नास सूचना व त्यांच्या पन्नास पोचा अशी शंभर संदेशांची ये-जा होते. आजच्या जाळ्याला हा भार किरकोळ आहे. परंतु सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर यंत्रांची नोंदणी नव्याने होईपर्यंत दिवे जुनीच स्थिती दाखवीत राहतात. या नोंदणीची मूळ मुदत बहुधा एक तासाची असते. एक तास खोटा दिवा दिसला की कर्मचारी दिव्याकडे पाहणेच सोडतात, आणि मग की-सिस्टीमचे अनुकरण करून उपयोग उरत नाही. मुदत काही मिनिटांवर आणणे हा साधा उपाय आहे.

वीज गेल्यावर :

१ए२ यंत्रणेची वीज गेली तर दिवे विझत व होल्ड चालत नसे. पण बोलण्याची जोडी बटणातून थेट दूरध्वनी केंद्रापर्यंत जात असल्याने फोन लावता येई. व्हीओआयपीत टेबलावरील यंत्र, स्विच, राउटर, सर्व्हर व सेवादात्याचे उपकरण यांपैकी एक बंद पडले तरी सर्व काही थांबते. यूपीएस केवळ सर्व्हरला जोडून स्विचला विसरणे ही नित्याची चूक आहे. तांब्याची लाइन शिल्लक असेल तेथे वीज जाताच ती एका साध्या फोनशी थेट जोडणारे गेटवे मिळतात. ते घ्यावेत आणि तो फोन स्वागतकक्षात ठेवावा. अमेरिकेत तांब्याच्या लाइनी टप्प्याटप्प्याने काढल्या जात असल्याने अनेक ठिकाणी हा पर्यायही उरलेला नाही. तेथे सेवादात्याकडे अशी व्यवस्था करून घ्यावी लागते की कार्यालय जाळ्यावर दिसेनासे होताच मुख्य क्रमांकावरचे फोन एका मोबाइलवर वळतील. तो मोबाइल कोणाच्या खिशात राहणार, हे यंत्रणा बसविण्याच्या दिवशीच ठरवून घ्यावे.